रुळावर माणसं असताना गाडी येतेच कशी?

१३ फेब्रुवारी २०२३ ची पहाट. नाशिक जिल्ह्यात लासलगाव स्टेशनजवळ ट्रॅकवर कामाला आलेल्या चार गँगमनना पावणेसहाच्या सुमारास एका गाडीने उडवलं आणि चौघंही गेले. ती गाडी एक्सप्रेस नव्हती, मालगाडीही नव्हती, ती होती टॉवर वॅगन, म्हणजे ओव्हरहेड वायरची दुरुस्ती करायला जी फिरते ती. दुरुस्तीवाल्यांचा जीव दुरुस्तीच्याच गाडीने घेतला. आणि ती उलट्या दिशेने आली असं तेव्हा बातम्यांत होतं.

अशी बातमी आली की खाली कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न असतो, अहो एवढी मोठी गाडी, दिसली नाही का, ऐकू नाही आली का? खरं सांगतो, मीपण हेच विचारायचो. आमच्या कॉलनीत एक रिटायर्ड कीमन, म्हणजे रोज चालत रूळ तपासणारे, राहायचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो, त्यांना एकदा विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, "तू खाली वाकून घण मार आधी, मग सांग काय दिसतं ते." तेव्हा ते मला टाळतायत असं वाटलं होतं. पण नंतर यातलं गणित समजून घेतलं आणि कळलं की काकांनी एका वाक्यात सगळं सांगितलं होतं.

तर ते गणित बघू.

ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदाला साधारण ३० मीटर कापते. १३० ने आली तर ३६ मीटर. आता समजा तुम्ही वळणावर काम करताय, किंवा दोन्ही बाजूंना डोंगर कापलाय अशा कटिंगमध्ये, आणि गाडी तुम्हाला ३०० मीटरवर दिसली. म्हणजे हातात किती वेळ? दहा सेकंदसुद्धा नाहीत. या दहा सेकंदांत गाडी दिसली हे डोक्यात शिरायला हवं, बाकीच्यांना ओरडून सांगायला हवं, हातातलं सामान उचलायला हवं आणि खडीवरून, जिच्यावर साधं चालतानासुद्धा पाय मुरगळतो, बाजूला सुरक्षित जागी जायला हवं. आणि समोरून सरळ येणारी वस्तू किती वेगात येतेय हे आपल्या डोळ्याला नीट कळतच नाही, लांब असते तोवर तो एक ठिपका असतो, बराच वेळ ठिपकाच राहतो आणि मग एकदम अंगावर येतो. हायवे क्रॉस करताना आपल्या सगळ्यांचा हाच गोंधळ होतो, फक्त तिथे समोरचा ब्रेक मारू शकतो. पूर्ण वेगातली गाडी ब्रेक मारल्यावर थांबायला किलोमीटरभर लागू शकतो, त्यामुळे मोटरमन किंवा लोको पायलटला तुम्ही दिसलात तरी त्याच्या हातात हॉर्न सोडून फारसं काही उरत नाही. (त्या माणसाची काय अवस्था होत असेल तो वेगळाच विषय आहे, तो बिचारा सगळं बघत असतो.)

आवाजाचं म्हणाल तर पूर्वी रूळ १३-१३ मीटरचे असायचे आणि फिशप्लेट लावून जोडलेले, म्हणून तो खडक-खडक आवाज लांबूनच यायचा. आता रूळ वेल्डिंग करून लांबच्या लांब सलग केलेत, इंजिनं इलेक्ट्रिक झालीत, गाडी बरीच शांत झालीय. प्रवाशाला छान, गँगमनला वाईट. त्यात कानाशी खडी पॅक करायचं मशीन किंवा रूळ कापायचं कटर चालू असेल तर हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही. वारा उलटा असला की तोच प्रकार.

अजून एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या डोक्यात येत नाही. समजा रूळ उचलायला खाली जॅक लावलाय आणि गाडी आली. तो जॅक तसाच सोडून पळालं तर गाडी घसरू शकते, आत हजार-दीड हजार माणसं. मग हा माणूस पळत नाही, आधी जॅक काढायला बघतो. ते दोन-तीन सेकंद कोणासाठी गेले ते सांगायला नको.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे बाजूची लाइन. डबल लाइनवर अपची गाडी आली म्हणून माणूस सरकतो आणि सरकून उभा राहतो तो डाउनवर, म्हणजे उलट्या दिशेच्या लाइनवर, कारण तीच जवळची मोकळी जागा. समोरची गाडी धडधडत जातेय, तिच्या आवाजात मागून येणारी दुसरी ऐकूच येत नाही. जगात जिथे जिथे रेल्वे आहे तिथे ट्रॅकवरची माणसं अशी गेलेली आहेत. म्हणून शिकवतात की गाडी आली की दोन्ही लाइनच्या बाहेर जायचं, मधे थांबायचं नाही, आणि चालताना येणाऱ्या गाडीकडे तोंड करून चालायचं. पण या दुसऱ्या नियमात एक गृहीत धरलेलं असतं की गाडी नेहमीच्या दिशेनेच येणार. लासलगावला ज्या दिशेने अपेक्षा नव्हती तिकडून आली म्हटल्यावर तो नियम कामाला येणार कसा?

आता ही माणसं कोण ते पटकन सांगतो, कारण पेपरवाले सगळ्यांनाच गँगमन लिहितात. ऑफिसच्या कागदावर आता त्यांना ट्रॅक मेंटेनर म्हणतात. गँग म्हणजे पंधरा-वीस जणांची तुकडी, कधी कमी, त्यांचा प्रमुख मेट, आपल्याकडे मुकादम. कीमन म्हणजे चावीवाला, तो एकटा असतो, रोज आपला ठरलेला सहा-आठ किलोमीटरचा पट्टा चालत रूळ बघतो, सुटलेल्या चाव्या म्हणजे रूळ स्लीपरला (रुळाखालच्या आडव्या ठोकळ्याला) धरून ठेवणाऱ्या त्या वाकड्या क्लिपा ठोकून बसवतो, बोल्ट आवळतो. पेट्रोलमन रात्री फिरतो, पावसाळ्यात आणि थंडीतसुद्धा. थंडीत का, तर लोखंड आकसतं, सलग रुळाला ताण येतो आणि तो तडकू शकतो. या सगळ्यांच्या वर पी-वेचा, म्हणजे रुळांच्या खात्याचा इंजिनिअर. यात आता बायकापण आहेत, घण मारण्यापासून सगळं करतात, आणि मैलोनमैल ओसाड सेक्शनमध्ये त्यांच्यासाठी टॉयलेट हा प्रश्न कोणी कधी नीट सोडवलेला नाही, पण तो परत वेगळा लेख.

हा गँग आणि कीमनचा फरक लक्षात ठेवा, कारण उपाय तिथेच वेगळे होतात.

आधी गँगचं. गँगला वाचवायचे मुळात दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे गाडी चालू ठेवायची आणि माणसाला सांगायचं लक्ष ठेव. दुसरा म्हणजे माणूस काम करतोय तोवर तिथे गाडीच येऊ द्यायची नाही. पहिल्या रस्त्यात लुकआउट मॅन लागतो, म्हणजे एक माणूस काहीही काम न करता फक्त गाडीवर नजर ठेवणार आणि दिसली की शिट्टी मारणार. ऐकायला बरं वाटतं. पण हिशोब करा. समजा सामान उचलून बाहेर जायला गँगला १५ सेकंद लागतात, आणि गाडी पोचायच्या किमान १० सेकंद आधी सगळे बाहेर हवेत (ब्रिटनमध्ये हा दहा सेकंदांचा नियमच आहे). झाले २५ सेकंद. ताशी ११० च्या गाडीसाठी २५ सेकंद म्हणजे साडेसातशे मीटरहून जास्त अंतर, १३० च्या गाडीसाठी ९०० मीटर. म्हणजे लुकआउटवाल्याला पाऊण-एक किलोमीटर लांबची गाडी दिसायला हवी, तीही ऊन, पाऊस, धुकं काहीही असो. वळणावर ते एकाला शक्यच नाही, मग दुसरा उभा करा, तो पहिल्याला झेंडी दाखवणार, पहिला गँगला शिट्टी मारणार. माणसं आणायची कुठून? आणि गँगमध्ये हात कमी पडले की "जरा ये रे इकडे, रूळ उचलायला लाग" म्हणून पहिली हाक कोणाला जाते? जो नुसता उभा दिसतो त्यालाच.

वेल्समध्ये मार्गम म्हणून गाव आहे, तिथे ३ जुलै २०१९ ला असंच झालं. चालू लाइनवर तिघं पॉइंटचे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथले बोल्ट आवळत होते, मशीनचा आवाज, गाडी आलेली कळलीच नाही, दोघं गेले, तिसरा थोडक्यात वाचला. चौकशीत निघालं की ते काम दुपारी लाइन बंद असताना करायचं ठरलेलं होतं, पण सुरू केलं गेलं आधीच. त्यानंतर तिथल्या सेफ्टीवाल्या सरकारी खात्याने रेल्वेवर असा काही दट्ट्या लावला की नुसत्या शिट्टी-झेंडीच्या भरवशावर चालू लाइनवर काम करणं २०२२ पर्यंत जवळजवळ बंदच झालं. म्हणजे ज्या देशात रेल्वे जन्मली तिथेसुद्धा डोळे आणि शिट्टी यावर भरवसा सोडायला जवळपास दोनशे वर्षं लागली, आपण लगेच नाकं मुरडायला नको, पण तेवढी वर्षं थांबायलाही नको.

दुसरा रस्ता म्हणजे ब्लॉक. हा शब्द मुंबईकराला शिवीसारखा वाटतो पण आत काय चालतं बघा. पी-वेचा माणूस लेखी मागणी करतो की अमुक लाइन अमुक वेळ मला द्या. स्टेशन मास्तर कंट्रोलला, म्हणजे सगळ्या गाड्यांवर नजर ठेवणाऱ्या ऑफिसला विचारतो. कंट्रोलवाला गाड्या बघून हो म्हणतो. मग प्रायव्हेट नंबर देतात-घेतात, आपला ओटीपी असतो ना तसाच, फोनवर नुसतं "हो दिला ब्लॉक" चालत नाही, दोन्ही बाजूंच्या वहीत नंबर चढायला हवा. म्हणजे उद्या कोणी म्हणालं की मी असं बोललोच नव्हतो, तर वही आहे. ओव्हरहेड वायरजवळ काम असेल तर पॉवर ब्लॉक वेगळा, २५,००० व्होल्टचा करंट बंद करायचा आणि तरी दोन्ही बाजूंना रॉड लावून वायरचं अर्थिंग करायचं, म्हणजे ती जमिनीला जोडायची, कारण बंद केलेल्या वायरमध्येसुद्धा बाजूच्या चालू वायरमुळे करंट उतरू शकतो.

एवढं करून कोणी चुकलंच तर? त्यासाठी जागेवर प्रोटेक्शन. लाल झेंडी, आणि कामापासून १,२०० मीटर अंतरावर, रुळावर दहा-दहा मीटरवर तीन डिटोनेटर. गँगवाले याला फटाकेच म्हणतात, बुटपॉलिशच्या डबीसारखी चपटी डबी, रुळाला पट्टीने अडकवायची, चाक वर आलं की धडाम. ड्रायव्हर झोपेत असो, धुकं असो, आवाज झाला म्हणजे ब्रेक. १,२०० मीटर का, तर वरचंच गणित, गाडी थांबायला तेवढी जागा हवी. पावणेदोनशे वर्षांहून जुनी युक्ती आहे, बॅटरी लागत नाही, नेटवर्क लागत नाही, मला तर फार आवडते.

मग सगळीकडे ब्लॉकच का नाही घेत? कारण ब्लॉक म्हणजे गाड्या बंद. आपल्याकडच्या मेन लाइन्सवर क्षमतेपेक्षा जास्त गाड्या पळतात. मागितला तीन तासांचा, मिळाला दीड तासाचा, तोही उशिरा सुरू झाला, पण संपायची वेळ तीच. काम तर अर्धं उघडलेलं. आता घाई होणार, आणि उरलेलं "दोन गाड्यांच्या मधे करून टाकू" म्हणून चालू लाइनवर होणार. धोका तिथे आहे. म्हणून मला वाटतं हेल्मेट-जॅकेटचं वाटप ही सेफ्टीची शेवटची पायरी आहे, पहिली पायरी म्हणजे टाइमटेबल. ज्या टाइमटेबलात दुरुस्तीला जागा नाही तिथे भगवं चमकणारं जॅकेट घालून माणूस फक्त जास्त ठळक दिसतो, वाचत नाही. याबाबतीत एक बरं पाऊल पडलंय, २०२३ च्या शेवटी रेल्वेच्या नियमांत रोलिंग ब्लॉक प्रोग्रॅम आला, म्हणजे कुठल्या सेक्शनला कधी ब्लॉक लागणार याचं नियोजन ५२ आठवडे आधीपर्यंतचं करायचं आणि ते पुढे सरकवत राहायचं. कागदावर तरी दुरुस्तीची मागणी शेवटच्या क्षणी हात पसरल्यासारखी राहत नाही.

मशीनचाही फायदा आहेच. पूर्वी खडी हाताने ठोकायचे, बारा-पंधरा जण ओळीने, आता टॅम्पिंग मशीन ते काम करतं आणि ते ब्लॉकशिवाय चालतच नाही, म्हणजे माणसं कमी आणि लाइन बंद, दोन्ही एकदम साधतं.

आता एकट्या कीमनचं. त्याच्यासाठी ब्लॉक घेता येत नाही, रोज सहा किलोमीटर चालणाऱ्या माणसासाठी गाड्या कोण थांबवणार? त्याच्याबरोबर लुकआउटही नाही. त्याला हवी असते फक्त खबर, गाडी यायच्या पुरेशी आधी. इथे रक्षक नावाचं यंत्र येतं. आयडिया सोपी आहे, मागच्या-पुढच्या स्टेशनवरून गाडी सुटली की तिथला ट्रान्समीटर व्हीएचएफ रेडिओवर सिग्नल सोडतो आणि ट्रॅकवरच्या माणसाकडच्या छोट्या यंत्रात बझर वाजतो, दिवा लागतो, थरथरतं. डोळे, कान, वळण, धुकं कशाचाच संबंध नाही. अनेक सेक्शनवर हे बसवलंय. अडचणीही आहेत. डोंगर, बोगदा, खोल कटिंग आलं की रेडिओ अडतो, आणि ज्या यंत्रावर भरवसा टाकलाय ते गप्प राहणं हे यंत्र नसण्यापेक्षा वाईट. म्हणून सिग्नल तुटला तर त्याने गप्प बसायचं नाही, ओरडायचं, ही अट कुठल्याही अशा यंत्राला हवीच.

गंमत अशी की याच कीमन-पेट्रोलमनना रेल्वेने जीपीएस ट्रॅकरपण दिलेत, माणूस पट्टा पूर्ण चालला की नाही ते साहेबांना स्क्रीनवर दिसतं. म्हणजे माणूस कुठे आहे हे ऑफिसला कळतं, गाडी कुठे आहे हे माणसाला कळेलच असं नाही. दोन्ही माहिती एका जागी आणणं आजच्या काळात काय मोठं आहे? आपल्या डब्याचा डिलिव्हरीवाला कुठल्या गल्लीत आहे ते आपल्याला दिसतं की.

मुंबईत मात्र हे बझर प्रकरण चालणार नाही. मध्य आणि पश्चिम मिळून दिवसाला तीन हजारांवर लोकल फेऱ्या, गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांना एक. यंत्र सारखंच वाजत राहणार, आणि सारखं वाजणारं यंत्र माणूस दुसऱ्या दिवशी खिशात गुंडाळून ठेवतो. २२ जानेवारी २०२४ ला रात्री नऊच्या आत-बाहेर वसई रोड आणि नायगावच्या मधे सिग्नल खात्याच्या तिघांना चर्चगेटकडे जाणाऱ्या स्लो लोकलने उडवलं. बिघाड बघायला गेले होते. नुसते ट्रॅकवालेच नाही, सिग्नलवाले, वायरवाले सगळे याच रुळांवर उतरतात, आणि बिघाड झाला की ब्लॉक ठरवायला वेळ कुठे असतो, मागे लोकलची रांग लागलेली असते, प्लॅटफॉर्मवर आपणच ओरडत असतो. अशा वेळी निदान ती एक लाइन दहा मिनिटं बंद, किंवा गाड्यांना तिथे ताशी दहा-पंधराचा वेग, यापेक्षा कमी काही चालवून घेऊ नये असं माझं मत आहे, लोकलला उशीर झाला तर झाला.

ठेकेदाराच्या माणसांचा धोका सगळ्यात जास्त, आणि त्यांच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. २ नोव्हेंबर २०२४ ला केरळात शोरणूरजवळ भारतपुळा नदीच्या पुलापाशी ट्रॅकवरचा कचरा वेचणारे चार सफाई कामगार केरळ एक्सप्रेसखाली आले. कंत्राटी, तमिळनाडूतून आलेले. पूल म्हणजे पळायला जागाच नाही, म्हणून पुलांवर आणि बोगद्यांत ठराविक अंतरावर आडोसे ठेवलेले असतात, पण नवीन माणसाला तो कुठे आहे हे आधी कोणीतरी दाखवायला हवं ना. नवीन लाइन टाकायच्या कामात नियम असा आहे की चालू ट्रॅकच्या मध्यापासून साडेतीन मीटरच्या आत काही करायचं तर ब्लॉकच घ्यायचा. साडेतीन मीटर म्हणजे साधारण दोन माणसं आडवी झोपतील एवढं. तिथे दोरी बांधली, कठडा लावला तर भाषा न कळणाऱ्यालाही कळतं, नुसतं बजावून नाही कळत.

काकोडकर समितीने २०१२ मध्ये रेल्वे सेफ्टीवर रिपोर्ट दिला त्यात साधारण पाच वर्षांत ड्युटीवर गेलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचा आकडा सुमारे १,६०० होता, जखमी ८,७०० च्या आसपास. सगळ्या खात्यांचे मिळून. मोठा रेल्वे अपघात झाला की आठवडाभर चर्चा होते, हे १,६०० एकेक-दोनदोन करून गेले म्हणून कोणाच्या लक्षात नाहीत.

कोकण रेल्वेचा पेट्रोलमन या सगळ्यातला अजून अवघड प्रकार. ७४१ किलोमीटरची लाइन, कटिंग आणि बोगदे भरपूर, २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड आली आणि पन्नासहून जास्त प्रवासी गेले, त्यानंतर पावसाळ्याचं वेगळं टाइमटेबल, कमी वेग, जागोजागी गस्त हे सगळं कडक झालं. त्या गस्तवाल्याला मुसळधार पावसात, रात्री, एका बाजूला डोंगर बघायचा, खाली रूळ बघायचे आणि मागेपुढे गाडीही बघायची. दगड सापडला तर फटाके घेऊन गाडी येईल त्या दिशेने पळायचं, म्हणजे बाकी सगळे गाडीपासून लांब जातात आणि हा तिच्याकडे जातो. तिथे वेग कमी ठेवणं हे प्रवाशांइतकंच त्याच्यासाठीही आहे, जोरदार पावसात गाडी ४० ने आली तर सेकंदाला ११ मीटर, ११० च्या जवळजवळ तिप्पट वेळ हातात.

मुंबईत शेवटची लोकल गेल्यावर, एक-दीडच्या सुमारास, गँग रुळावर उतरते. पहाटे चारच्या आत सगळं आटपायचं. काम झालं की मुकादम आधी माणसं मोजतो, मग घण, पहारी, जॅक, पाने मोजतो, आणलेले तेवढे परत आले पाहिजेत, एक पाना कमी भरला तरी बॅटरी मारत परत शोधायचं. मग पी-वेचा माणूस स्टेशन मास्तरला सांगतो की लाइन मोकळी, परत प्रायव्हेट नंबर, परत वही. तोपर्यंत पहिली लोकल कारशेडमधून निघालेली असते आणि आपण खिडकीची सीट पकडायला प्लॅटफॉर्मवर उभे असतो.